जिवंत माल

आर्ने लुंडक्विस्टनं खुबा बदलून घेतला
आणि दुकान मोडीत काढलं.
गळ गेले, दोऱ्या गेल्या,
बर्फाला भोक पाडायची गिरमिटं गेली.
उरला मागच्या भिंतीचा फ्रिज,
काचेची दोन दारं, सव्वीस वर्षं आत फक्त गांडुळं,
पुठ्ठ्याच्या डब्यांत, काळ्या मातीत, डझनावारी.
"फुकट ने, डार्ला," म्हणाला,
"उचलताना मात्र माझ्याकडे बघू नकोस."

मी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करते.
भाचा कोल्बी, उसनी ट्रॉली, आणि बर्फातून दोन मैल.
आडवा घालून आणला, म्हणून
रात्रभर उभा ठेवला गॅरेजमध्ये,
कॉम्प्रेसरचं तेल जागच्या जागी उतरू दे.
सकाळी स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला,
टोक त्याच्या छातीला.
म्हातारा होता. पण घरघर नव्हती.

पाणी जायच्या नळीतून तारेनं
वीतभर चिखल काढला.
सोडा, व्हिनेगर, पुन्हा सोडा.
वास काही पुरता गेला नाही,
बटाट्याच्या पोत्याच्या तळाशी असतो तसला.

जुन्या बटणावर एक ते सात आकडे.
सात म्हणजे किती गार, हे त्यालाही ठाऊक नसावं.
मला हवे होते अठरा.
बटण वगळलं, तार सरळ जोडली,
मधे बसवला लाल आकड्यांचा कंट्रोलर:
एका प्लगला गारवा,
दुसऱ्याला ऊब. ऊब म्हणजे
रंगाच्या रिकाम्या डब्यात कोल्बीच्या इग्वानाचा दिवा.
इग्वाना गेला, दिवा राहिला.
काचांना आतून घोंगडी लावली,
कारण उजेड बिअरला नासवतो.

पहिला बुधला फसला.
लाल आकडा अठरावर खिळलेला,
आणि चव? काळं पडलेलं केळं,
वर नेलपॉलिशचा झटका.
सगळी मोरीत.

आर्ने काठी टेकत आला
तो दुसऱ्या बुधल्याचा तिसरा दिवस.
फेस गळ्यापर्यंत, बुडबुड्यांची घाई.
आकड्याकडे त्यानं पाहिलंच नाही.
घोंगडी सारली, आत वाकला,
बुधल्याला तळवा लावला
फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
"हिला ताप आहे," म्हणाला.
"गांडुळांचंही तेच. डबा दाटला
की माती आतून तापते.
मी बटण कधी बघितलं नाही.
बोट खुपसायचो."

माझा सेन्सर हवेत लोंबत होता,
खोलीचं ऐकत, पोटाचं नाही.
बुधल्याच्या कुशीला चिकटवला,
वर स्पंजाची घडी, वर टेप.
आकडा चढत गेला: एकोणीस,
एकवीस, तेवीस.
मी ओशाळून उभी.
तीन मिनिटं काहीच नाही,
मग कॉम्प्रेसर खाकरला आणि कामाला लागला.

आता जानेवारी. बाहेर उणे एकतीस.
रात्री सरोवराचा बर्फ तडकतो
तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो.
गॅरेजमध्ये पाना हाताला चिकटतो,
झाडूसुद्धा फरशीला गोठलाय,
आणि या सगळ्यात फ्रिज
आत ऊब धरून बसलेला.
गारवा हे त्याचं काम, असं मी समजत होते.
पण यानं मेलेलं कधी काही ठेवलंच नव्हतं,
ना मटण, ना कालची भाजी.

दारावर आर्नेच्या अक्षरातली चिठ्ठी आहे,
खरवडायला पातं घेतलं होतं,
ते परत खणात टाकलं.
"जिवंत माल. दार लावून घ्या."

तो पहिला ग्लास दिव्यासमोर धरतो,
घोट घेतो, मिशीवरचा फेस पुसतो,
बराच वेळ काही बोलत नाही.
"माती लागत नाही," म्हणतो शेवटी,
जणू तेवढंच कमी पडलं.
मग उठतो,
आणि दार नीट लागलंय का
ते एकदा ढकलून बघतो.